लेबलचे कोपरे गोल करताना

टॉवेल-चादरींचे टॅग, शेंगाचटणीची लेबलं, कडक भाकरीच्या पुड्यांवरचे स्टिकर… हल्ली आमच्याकडे लेबल छापून-कापून घ्यायला येणारे बरेच ग्राहक कोरलड्रॉ किंवा इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच फाइल करून आणतात. डिझाइन छान असतं, अडतं ते कोपऱ्यांपाशी. टोकदार कोपरा हाताळताना आधी उचलला जातो आणि स्टिकर तिथूनच सुटायला लागतो, म्हणून आम्ही गोल कोपऱ्याचा आग्रह धरतो.

साध्या आयताला फार खटपट नाही. कोरलमध्ये आयत निवडला की वरच्या पट्टीत कोपऱ्याचं माप (गोलाईची त्रिज्या) टाकता येतं. शेजारचं कुलूप उघडलं की चारही कोपऱ्यांना वेगळी मापं देता येतात. वर गोल, खाली सरळ असा टॅग त्यातच होतो. इंकस्केपमध्ये कोपऱ्याच्या मापासाठी आरएक्स (आडवी त्रिज्या), आरवाय (उभी त्रिज्या) हे रकाने आहेत. ५० बाय २० मिमीच्या लेबलला १० मिमी दिले की कॅप्सूल तयार. त्यापुढे आकडा वाढवून उपयोग नाही.

लेबलचं माप मात्र आधी पक्कं करा. कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेघांच्या आकारात, बदललेला आयत नंतर आडवा ताणला की कोपरे लंबगोल होतात. पडद्यावर ते जाणवत नाही, कापल्यावर लगेच दिसतं.

आत किनार हवी असेल तर बाहेरचंच माप आत टाकू नका. बाहेर ६ मिमी आणि किनार २ मिमी आत, तर आतला कोपरा ४ मिमीचा. दोन्हीकडे ६ ठेवले तर कोपऱ्यात पट्टी जाड दिसते. कटिंगबाहेर २ मिमी ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेला रंग) सोडताना हाच हिशेब उलटा, म्हणजे ८.

चटणीच्या लेबलला वर गोल फुगवटा बऱ्याच जणांना हवा असतो. आयतावर वर्तुळ ठेवून वेल्ड करा, म्हणजे दोन्हींचा एकच आकार होतो. इंकस्केपमध्ये त्याला युनियन म्हणतात. पण दोन्ही जिथे मिळतात तिथे आत शिरलेली खाच राहते आणि लेबल सोलताना नेमकं तिथेच फाटतं. तिथल्या दोन नोडना (रेघेवरच्या बिंदूंना) कोरलच्या फिलेटने किंवा इंकस्केपच्या ‘कॉर्नर्स’ इफेक्टने ३ मिमीची गोलाई द्या. हाताने वळणं काढणार असाल तर नोड कमीत कमी ठेवा, नाहीतर कड खडबडीत येते.

फाइल देताना अक्षरंही कर्व्ह करा (रेघांच्या आकारात बदला), कटिंगची रेघ वेगळ्या लेयरवर ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता जेपीजी आला तर आकार आम्हालाच नव्याने काढावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर) यात्रेसाठी माल हवा असेल तर फाइल डिसेंबरातच द्या, जानेवारीत मशिनला उसंत नसते.