पहिल्या फुल मॅरेथॉनचा बूट केव्हा घ्यायचा
(आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन, हे आता संभाजीनगरात कुणाला सांगावं लागत नाही. डिसेंबर उजाडला की गारखेड्याच्या क्रीडा संकुलावर पहाटे साडेपाचला गाडी लावायला जागा मिळत नाही. एक-दोन हाफ (२१ किलोमीटर) झालेली मंडळी हिंमत करून फुलला (४२ किलोमीटर) नाव देतात, आणि त्यातले बरेच जण शर्यतीच्या आधीच्या बुधवारी-गुरुवारी दुकानात येतात. "दादा, रविवारी फुल आहे, एक चांगला बूट काढा." पुढच्या मंगळवारी तोच बूट पिशवीतून परत येतो. तळ काळा पडलेला, आत अंगठ्यापाशी रक्ताचा डाग, आणि तक्रार एकच: "चावला हो. बदलून द्या."

बदलून देता येत नाही. ४२ किलोमीटर धावलेला बूट आम्ही पुन्हा कुणाला विकणार? पण दर वर्षी त्या मंगळवारी काउंटरवर तीच वादावादी होते आणि एरवी चांगले असलेले ग्राहक तोंड फिरवून जातात. म्हणून या वेळी लिहूनच देतो आहोत.

सरावाचं वेळापत्रक इथे मांडत बसत नाही, ते तुमच्या ग्रुपमध्ये कुणी ना कुणी देतंच. चार-पाच महिने हाताशी हवेत, आठवड्याचं अंतर हळूहळू वाढवायचं, सगळ्यात लांब धाव ३० ते ३२ किलोमीटरची, ती शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी, आणि त्यानंतर अंतर कमी करत आणायचं. चाळिशी ओलांडली असेल किंवा बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचं. एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे लिहितो.

बूट दुकानात चावत नाही, हीच सगळी अडचण आहे. घालून चार पावलं चाललात, फरशीवर दोन उड्या मारल्यात, तर कुठलाही नवा बूट मऊच लागतो. पाच किलोमीटरलाही तो बहुतेक वेळा गप्प असतो. फुल मॅरेथॉनमध्ये माणूस साधारण ४० ते ५० हजार पावलं टाकतो, म्हणजे एकेका पायाची वीस-पंचवीस हजार. दर पावलाला अंगठा बुटाच्या टोकाला नुसता टेकत असेल, तरी तेच टेकणं वीस हजार वेळा होतं. त्यात दोन-अडीच तासांनंतर पाय सुजायला लागतो. सकाळी अगदी मापात बसलेला बूट पंचविसाव्या किलोमीटरला अर्धा नंबर लहान झालेला असतो. बूट तोच असतो, पाय वाढलेला असतो. मग नखाखाली रक्त साचतं, नख काळं पडतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी गळून येतं.

हे ऐकून सांगत नाही. मी दुकानदार असून माझ्या पहिल्या फुलला नव्या डब्यातला बूट काढून घातला होता. रंग आवडला होता, दुसरं काही नाही. एकोणतिसाव्या किलोमीटरला फूटपाथवर बसून मोजा काढायला गेलो, तर तो करंगळीला चिकटून बसला होता. बाटलीतलं पाणी ओतून, ओला करून, सोलल्यासारखा काढावा लागला. पुढचे तेरा किलोमीटर कसे गेले ते घरी बायकोलाही अजून नीट सांगितलेलं नाही.

आपल्याकडे ही गोष्ट खरं तर नवीन नाही. नाथांच्या पालखीबरोबर पैठणहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या आमच्या काकू प्रस्थानाच्या दिवशी नवी चप्पल कधी घालत नाहीत. दोन महिने आधी घेतात, शेतात-बाजारात वापरून काढतात, पट्ट्याला तेल लावतात. कुठे चावते ते घरीच कळू द्यायचं, वाटेत नाही, असा त्यांचा हिशोब. तोच हिशोब मॅरेथॉनला लावला की झालं.

आता केव्हा घ्यायचा ते. शर्यतीच्या आधी त्या बुटात ८० ते १०० किलोमीटर झालेले हवेत, आणि त्यात निदान एक लांब धाव हवी. आठवड्याला ४० किलोमीटर धावणारा माणूस जुना आणि नवा बूट आलटून-पालटून वापरतो, म्हणजे नव्याच्या वाट्याला आठवड्याला २० येतात. शंभर व्हायला पाच आठवडे गेले. शर्यतीआधीचे तीन आठवडे अंतर कमी करण्याचे, ते यात धरायचेच नाहीत. मिळून आठ आठवडे होतात. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारापासून आठ आठवडे मागे मोजा, नोव्हेंबरचा तिसरा-चौथा आठवडा येतो. दिवाळीच्या खरेदीत घरच्यांबरोबर आपलाही बूट उरकून टाकला तर सगळ्यात उत्तम. त्या वेळी आमच्याकडे सगळे नंबर असतात. जानेवारीत अकरा नंबर किंवा रुंद पंजाचा बूट मागाल तर तो पुण्याहून मागवावा लागतो, आणि तो शर्यत झाल्यावर पोचतो.

म्हणून आम्ही एक नियम केला आहे. शर्यतीला तीन आठवड्यांपेक्षा कमी दिवस उरले असतील, तर "फुलसाठी" म्हणून आलेल्या ग्राहकाला नवा बूट आम्ही आधी सरळ नको म्हणतो. सध्याचा जुना बूट घेऊन या, बघून सांगतो. बहुतेक वेळा तो आणखी एक शर्यत निभावतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरपर्यंत रनिंगचा बूट चालतो, माणसाच्या वजनावर आणि रस्त्यावर अवलंबून. जुना अगदीच गेलेला असेल, तर तेच मॉडेल, तोच नंबर शोधून देतो आणि उरलेल्या दिवसांत रोज घालायला सांगतो. यात आमची विक्री बुडते, हे आम्हालाही कळतं. काही जण रागावून दुसरीकडे जातात आणि तिथून घेतात. जाऊ द्या. निदान मंगळवारी ते आमच्या काउंटरवर नसतात.

यावर ठरलेला टोमणा येतो: "अबेबे बिकिला तर अनवाणी धावून ऑलिंपिक जिंकला." जिंकला, १९६० साली, रोमला, मॅरेथॉनच. पण गोष्ट पूर्ण सांगा की. तिथे त्याला मिळालेले नवे बूट पायाला नीट बसेनात, म्हणून सरावात धावायचा तसा तो अनवाणी धावला. म्हणजे शर्यतीच्या दिवशी नवा बूट घालायचा नाही, हे त्यालाही कळलं होतं. चार वर्षांनी टोकियोला तो बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि रोमपेक्षा तीन मिनिटं लवकर पोचला. एवढं आमच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

दुसरं नाव निघतं ते आपल्या बीड जिल्ह्याचं, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या धावपटू अविनाश साबळेचं. "गावाकडची पोरं कुठे बूट बघत बसतात?" साबळेने २०२० साली दिल्लीची हाफ १ तास ३० सेकंदांत मारली. आपली पहिली फुल पाच-साडेपाच तासांची असते. जो जोरात पळतो त्याचा पाय बुटात थोडा वेळ राहतो. जो सावकाश पळतो त्याचा पाय सुजेपर्यंत, घामाने भिजेपर्यंत आत कोंडलेला असतो. त्यामुळे मापाची जास्त काळजी आपल्यालाच घ्यावी लागते, त्याच्यासारख्याला नाही.

माप घ्यायला संध्याकाळी पाचनंतर या. दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो, तो शर्यतीतल्या पायाच्या जास्त जवळचा. धावताना जे मोजे घालता तेच आणा. ऑफिसच्या पातळ मोज्यांवर घेतलेलं माप फुकट जातं. जुना बूट न धुता आणा. त्याचा घासलेला तळ बरंच काही बोलतो. टाचेची बाहेरची कड घासलेली असेल तर घाबरू नका, बहुतेकांची तशीच घासते. आतली कड झिजून बूट आतल्या बाजूला कललेला असेल, तर मात्र आम्ही वेगळा बूट काढतो.

एक गोष्ट घरीही करून बघता येते. बुटाच्या आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, तेव्हा ते धरा. करंगळी गादीच्या कडेवरून खाली उतरत असेल, तर नंबर वाढवून उपयोग नाही, रुंद पंजाचाच बूट लागेल. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी घट्ट, हलका बूट घेतलेली पोरं पुढे तोच नंबर घेऊन फुलला उतरतात. त्यांना आम्ही हमखास गादीवर उभं करतो. "अहो मी आठच घालतो" म्हणणाऱ्याची करंगळी निम्मी बाहेर लोंबत असते. तिथे मग बोलावं लागत नाही.

लेस बांधायचीही एक युक्ती आहे. सगळ्यात वरचं, घोट्याजवळचं जास्तीचं भोक बहुतेक जण मोकळंच सोडतात. त्यातून लेस ओवून लहान फास करायचा आणि समोरची लेस त्यातून काढून ओढायची. टाच जागेवर धरली जाते आणि पाय पुढे सरकत नाही. मुंबईला परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ आहे. तो सगळ्यांना धसका देतो, पण नखं जातात ती चढाने नाही, त्यानंतरच्या उताराने. आपल्याकडे सराव करायचा तर खुलताबादचा घाट सावकाश उतरून बघा. अंगठा टोकाला आपटतो की नाही, तिथेच कळेल.

मुंबईची आणखी एक गोष्ट. आपल्याकडे जानेवारीतली पहाट कोरडी आणि थंड. परभणीकरांना तर थंडीचं काही सांगूच नये. मुंबईत तीच पहाट दमट असते आणि सूर्य वर आला की अंग निथळायला लागतं. मग लोक पाण्याची बाटली डोक्यावर ओततात. ते पाणी पाठीवरून, पायावरून थेट बुटात उतरतं, मोजा भिजतो आणि दोन किलोमीटरमध्ये फोड येतो. ओतायचंच असेल तर पुढे वाकून मानेवर ओता. मोजे सुती नकोत, सुती मोजा पाणी धरून ठेवतो. बोटांमध्ये, काखेत, मांडीला व्हॅसलीन सढळ हाताने लावा. आमच्याकडे सिंथेटिक मोजे तीन प्रकारचे आहेत. जोडी महाग वाटते, पण बुटाच्या खर्चापुढे ती काहीच नाही.

कार्बन प्लेटच्या, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी घातलेल्या बुटाबद्दल तरुण पोरं फार विचारतात. आम्ही तो ठेवतो, विकतोही, आणि त्यात आम्हाला चार पैसे जास्त सुटतात. तरीही पहिल्या फुलला तो घेऊ नका असंच सांगू. तो वेगवान धावणाऱ्यासाठी बनवलेला आहे. थकलेल्या, लटपटणाऱ्या पायाखाली त्याचा उंच, मऊ तळ डगमगतो आणि पोटऱ्या ओढतात. शिवाय तो लवकर झिजतो. दुसरी किंवा तिसरी फुल चार तासांच्या आत आणायची असेल तेव्हा या, बसून बोलू.

खाण्याचं थोडक्यात. अंगात साठलेली साखर बहुतेकांची तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, धावणारे ज्याला "भिंत" म्हणतात ते हेच. पहिल्या तासापासून थोडं थोडं घेत राहायचं. खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, नाहीतर एनर्जी जेल (पुडीतला घट्ट गोड पाक). जे सरावात पोटाला सोसलं तेच. जेलही नव्या बुटासारखंच आहे, शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा चाखायचं नाही. सुटी चार जेल घेऊन सरावात वापरून बघा, आम्ही डबाच घ्या म्हणत नाही. आणि नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर पिऊ नका, अंगातलं मीठ पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. मधूनमधून मिठा-साखरेचं पाणी घ्या. दुखणं दाबायला गोळी खाऊन धावू नका.

छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर घ्यायला आधीच मुंबईला जावं लागतं आणि तिथे बुटांचे स्टॉल लागलेले असतात. सवलतीची पाटी बघून हात शिवशिवतो. टोपी घ्या, टी-शर्ट घ्या. बूट घेतलात तर डबा सोमवारपर्यंत उघडू नका. देवगिरी एक्स्प्रेसने जाणाऱ्यांनी धावायचा बूट पायातच ठेवावा, बॅगेत टाकू नये. बॅग राहिली तर कपडे मुंबईत मिळतात, शंभर किलोमीटर वापरलेला बूट मिळत नाही.

आता देवाण-घेवाणीचं स्पष्ट. बिलाच्या तारखेपासून दहा दिवसांत, घरात किंवा ट्रेडमिलवर घालून बघितलेला, तळाला माती न लागलेला बूट आम्ही विनातक्रार बदलून देतो. काळ्या मातीत किंवा डांबरावर गेलेला देत नाही. शिवण उसवली, डिंक सुटला तर तो कंपनीचा दोष, त्याचा पाठपुरावा आम्ही करतो. पण बूट धुऊन उन्हात किंवा गाडीच्या डिकीत वाळवला असेल तर तेही सांगा. आपल्याकडच्या उन्हाने डिंक सुटतोच, आणि तसा सुटलेला डिंक बघताक्षणी ओळखू येतो.

इथे तासभर माप घेऊन, पायऱ्या उतरता उतरता मोबाईलवर ऑर्डर करणारेही आहेत. आम्हाला दिसतं. निदान आम्ही सांगितलेलाच नंबर मागवा, आणि तो चावला तर आमच्याकडे आणू नका.

माप, जुन्या बुटाची तपासणी आणि लेस बांधून दाखवणं याचे पैसे नाहीत, बूट घ्या किंवा नका घेऊ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी आणि त्यानंतरच्या सोमवारी बंद राहील, आम्हीही तिकडेच असतो. मंगळवारी अकराला उघडतो. जिना चढायला अर्धा तास लागला तरी चालेल, मेडल घेऊन या, चहा आमच्याकडून. पिशवी मात्र घरी ठेवून या.