पपनसाच्या वासाची बिअर : घरगुती अमेरिकन पेल एलची पार्श्वभूमी

माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. ४ किलो फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू), ४०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट (गोडसर, लालसर). कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) तीन हप्त्यांत : ३५ ग्रॅम उकळी फुटल्यावर, ३० ग्रॅम शेवटची १० मिनिटं उरली की, ४५ ग्रॅम गॅस बंद केल्यावर. 'चिको' यीस्ट. एकूण १९ लिटर बिअर. कॅलिफोर्नियात आल्यावर इथल्या एका ज्येष्ठ शेजाऱ्याने हा कागद मला स्वतःच्या अक्षरात उतरवून दिला, त्याला तो त्याच्या मित्राने दिला होता. अमेरिकेत घरी बिअर बनवायला शिकणाऱ्या बहुतेकांच्या हाती असाच एखादा कागद पडतो, आणि त्यावर बहुधा अमेरिकन पेल एल हीच बिअर असते. एवढ्या प्रकारांमधून हीच का, हे शोधायला गेलो तेव्हा उलगडलं की ही बिअर मुळात घरात आणि गॅरेजमध्येच वाढली, कारखान्यात ती नंतर गेली.

सुरुवात कायद्यापासून करायला हवी. अमेरिकेत जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ अशी जवळजवळ १४ वर्षं देशव्यापी दारूबंदी होती. बंदी उठली तेव्हा घरी वाइन बनवायला मुभा मिळाली, पण घरच्या बिअरचा उल्लेख राहून गेला. राहिला तो राहिलाच. पुढची ४५ वर्षं स्वयंपाकघरात बिअर आंबवणारा माणूस केंद्रीय कायद्याने गुन्हेगार होता. पकडापकडी फारशी होत नव्हती, पण उघडपणे शिकवणं, मंडळ काढणं, चांगला माल मागवणं अवघड होतं. लोक कसलंही यीस्ट आणि डब्यातला माल्टचा पाक वापरून काहीतरी भागवत.

ब्रिटनमध्ये तोवर वाट मोकळी झाली होती. तिथे १८८० पासून घरच्या बिअरलाही परवाना लागत असे. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी तो रद्द केला आणि तिथे घरगुती बिअरची पुस्तकं, दुकानं, साहित्य यांचा सुकाळ झाला. अमेरिकेतली पहिली पिढी या ब्रिटिश पुस्तकांवर शिकली. त्यामुळे तिच्या डोक्यात 'चांगली बिअर' म्हणजे इंग्लिश पेल एल बसली होती. लॉस एंजेलिसमध्ये १९७४ साली 'माल्टोज फाल्कन्स' नावाचा क्लब सुरू झाला. अमेरिकेतला हा सर्वांत जुना घरगुती बिअरवाल्यांचा क्लब, आणि तो कायदा बदलण्याच्या चार वर्षं आधीचा.

कायदा बदलला तो जरा आडवाटेने. एच. आर. १३३७ हे विधेयक मुळात ट्रक-बसवरच्या अबकारी कराचं. त्यात कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी घरगुती बिअरची दुरुस्ती घातली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून ते लागू झालं. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. राज्यांना आपापले निर्बंध ठेवायची मोकळीक होती. अलाबामा आणि मिसिसिपी ही शेवटची दोन राज्यं, तिथे २०१३ साल उजाडलं. श्रेय सगळे कार्टरना देतात. मला वाटतं, क्रॅन्स्टन यांचं नाव आधी घ्यायला हवं.

'पेल एल' हे नाव इंग्लंडचं. सातूला मोड आणून तो वाळवायचा म्हणजे माल्ट तयार होतो. लाकडाच्या जाळावर तो धुरकट आणि तपकिरी होई. सतराव्या शतकात दगडी कोळशापासून केलेला कोक वापरात आला, आच हातात राहू लागली आणि माल्ट फिकट निघू लागला. फिकट माल्टची बिअर ती पेल एल. पुढे बर्टन अपॉन ट्रेंट या गावाच्या जिप्समयुक्त पाण्यात हॉप्सचा कडवटपणा विशेष खुलतो हे लक्षात आलं, आणि ते गाव या बिअरचं माहेर झालं. आपला संबंध इथे येतो. लंडनच्या हॉजसन या बिअर कारखानदाराची आणि १८२० च्या दशकापासून बर्टनच्या ऑलसॉप आणि बास यांची पिंपं केप ऑफ गुड होपला वळसा घालून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईला उतरत. ही बिअर खास हिंदुस्थानसाठी शोधून काढली, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. उष्ण मुलुखात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालावेत हा सल्ला अठराव्या शतकापासूनचा आहे, आणि हॉजसननी नवा प्रकार काढला नव्हता, असलेला विकला होता.

इंग्लिश पेल एल अमेरिकेत येऊन 'अमेरिकन' झाली ती एका वनस्पतीमुळे.

हॉप्स म्हणजे भांगेच्या कुळातल्या एका वेलीची मादी फुलं. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी असते. कडवटपणा आणि सुगंध दोन्ही तिच्यातच. अमेरिकन हॉप्सना तेव्हा फारशी पत नव्हती. मोठे कारखाने इथले हॉप्स कडवटपणापुरते वापरत आणि सुगंधासाठी जर्मनीतून हालरटाउ प्रांताचा माल आणत. ओरेगन राज्यात कॉर्व्हॅलिस इथे अमेरिकी कृषी खात्याचं संकरणाचं काम चालू होतं. १९५६ साली तिथे गोळा केलेल्या बियांतून एक रोप निवडलं गेलं, त्याचा क्रमांक ५६०१३. क्रमांकातले ५६ म्हणजे ते साल. आईकडून त्यात इंग्लिश फगल आणि रशियन सेरेब्रियांका या जाती होत्या. वडील कोण, ते कुणालाच माहीत नाही, कारण परागीभवन मोकळ्या वाऱ्यावर झालं होतं. वर्षानुवर्षं चाचण्या होत राहिल्या. त्याच सुमाराला जर्मनीतल्या हालरटाउ वेलींवर मर रोग पसरला, भाव चढले, आणि अमेरिकन कारखान्यांना घरचा पर्याय हवासा वाटू लागला. १९७२ मध्ये ते रोप 'कॅस्केड' या नावाने शेतकऱ्यांना खुलं झालं. नाव वायव्येकडच्या डोंगररांगेचं. कूर्स या मोठ्या कंपनीने ते सुरुवातीलाच उचललं आणि वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात त्याची लागवड वाढली.

या गोष्टीतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे की कॅस्केड सार्वजनिक पैशातून निघालेली, कुणाच्याही मालकीची नसलेली जात आहे. कुठल्याही शेतकऱ्याने लावावी, कुणीही वापरावी. आज हॉप्सच्या अनेक नव्या जातींवर कंपन्यांचे हक्क आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आणि तिचा वास! हॉप्स बाजारात दाबलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळतात, पेंडीच्या गोळ्यांसारख्या. एक गोळी बोटांत चुरडली की बोटं चिकट होतात आणि पपनसाची साल नखाने ओरबाडल्यासारखा वास येतो, मागून थोडा देवदाराचा. दापोलीहून आई आली होती तेव्हा मी पातेल्यात शेवटचे हॉप्स टाकत होतो. ती बाहेरच्या खोलीतून म्हणाली, "अरे, पपनस सोललंस का? मला ठेव दोन फोडी." मी तिला पातेल्यापाशी नेलं. तिने वाफेवर नाक धरलं आणि म्हणाली, "फळच नाही, आणि वास फळाचा." कॅस्केडची याहून नेमकी व्याख्या मी ऐकलेली नाही.

कागदावरचे ते तीन हप्ते यासाठीच असतात. हॉप्समधली आम्लं तासभर उकळली की त्यांचं रूप पालटतं, ती पाण्यात उतरतात आणि बिअर कडू होते. पण तेवढ्या वेळात सुगंधी तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी आधी, वासासाठी शेवटी. आपण आमटीला फोडणी आधी देतो आणि कोथिंबीर उतरवताना घालतो, तोच हिशेब.

मोठे कारखाने कॅस्केडचा हा वास जपून, मागे ठेवूनच वापरत. तो पुढे आणला छोट्यांनी. फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची मरणपंथाला लागलेली अँकर ब्रुअरी घेतली होती. ब्रिटिश फौज येत असल्याची वार्ता देणाऱ्या पॉल रिव्हिअर यांच्या १७७५ च्या घोडदौडीला २०० वर्षं झाली म्हणून त्यांनी १९७५ मध्ये 'लिबर्टी एल' काढली आणि तिच्यात कॅस्केड सढळ हाताने घातले. १९७६ मध्ये जॅक मॅकॉलिफ यांनी सोनोमा इथे न्यू ॲल्बियन ब्रुअरी सुरू केली. नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये त्यांना तिथल्या एलची गोडी लागली होती, आणि ते घरी बिअर बनवत. बरीचशी यंत्रसामग्री त्यांनी मिळेल त्या भांड्यांना स्वतः वेल्डिंग करून उभी केली. १९८२ मध्ये ब्रुअरी बंद पडली, पण तोवर ती पाहून गेलेल्यांनी धडा घेतला होता.

त्यांतलेच एक केन ग्रॉसमन. उत्तर कॅलिफोर्नियातल्या चिको या गावात १९७६ पासून त्यांचं घरगुती बिअरच्या साहित्याचं दुकान होतं. छोट्या गिऱ्हाइकाला कुणी ताजे हॉप्स देत नसे, म्हणून ते स्वतः याकिमाला गेले आणि व्यापाऱ्यांकडून नमुन्यादाखल हॉप्सच्या दाबलेल्या लहान विटा घेऊन आले. पॉल कमूसी यांच्यासोबत त्यांनी सिएरा नेव्हाडा ब्रुअरी काढली. टाक्या दुग्धव्यवसायातल्या, जुन्या. पहिला घाणा नोव्हेंबर १९८० मध्ये निघाला, तो गडद स्टाउटचा होता. मग पेल एल. प्रत्येक वेळी चव तीच येईपर्यंत त्यांनी घाण्यामागून घाणे ओतून दिले. जी ठरली ती ५.६ टक्के मद्यार्काची, ३८ एककं कडवटपणाची, कॅस्केडच्या वासाने भरलेली. अमेरिकन पेल एल म्हटलं की आजही परीक्षकांच्या जिभेवर हीच चव असते. जो माणूस घरगुती बिअरवाल्यांना सामान विकत होता, त्यानेच हे माप घालून दिलं.

कागदावरचं 'चिको' यीस्ट म्हणजे त्याच गावाचं नाव. सिएरा नेव्हाडाची ही बिअर बाटलीत पुन्हा थोडी आंबते, त्यामुळे तळाशी यीस्टचा पातळ थर बसतो. चांगलं यीस्ट मिळत नसे त्या काळात लोक बाटली हळूच ओतून घेत, तळाचा गाळ राखत आणि गोड वर्टमध्ये, म्हणजे न आंबवलेल्या माल्टच्या पाण्यात, वाढवत. आपल्याकडे शेजारून वाटीभर विरजण मागून आणतात तसं. मूळ बाटलीवाल्याला कुणी विचारायला जात नसे आणि त्याचीही हरकत नसे. आज याच कुळातली यीस्टं वेगवेगळ्या कंपन्या पाकिटांत विकतात. स्वच्छ आंबवणारी, स्वतःची चव मागे ठेवून हॉप्सना पुढे येऊ देणारी. तापमानाला मात्र जपावं लागतं. १८ ते २० अंशांवर ती गुणी असतात. माझा एक घाणा उन्हाळ्यात गॅरेजमध्ये तापला आणि रंगाच्या डब्यासारखा वास मारू लागला. १९ लिटर ओतून द्यावे लागले.

कृती उतरवून देण्याची रीत यापेक्षाही जुनी आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या १७५७ च्या वहीत कोंडा, हॉप्स आणि काकवीपासून हलकी बिअर करायची कृती लिहिलेली आहे, ती न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपली आहे. कायदा झाला त्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे चार्ली पापाझियन यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन काढली, आणि तिच्या नियतकालिकातून, स्पर्धांतून कृतींची देवाणघेवाण रुळली. स्पर्धांत तर जिंकणाऱ्याची कृती छापायची प्रथाच पडली. सप्टेंबर २०१२ मध्ये व्हाइट हाउसने तिथे बनवलेल्या मधाच्या बिअरच्या कृती जाहीर केल्या.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो नोव्हेंबर २०१८. चिकोजवळचं पॅराडाइज गाव वणव्यात जळालं, ८५ माणसं गेली. सिएरा नेव्हाडाने एका आयपीएची (इंडिया पेल एल, म्हणजे जास्त हॉप्सच्या पेल एलची) कृती देशभरच्या ब्रुअरींना दिली : ही बनवा आणि विक्रीचे सगळे पैसे वणवाग्रस्तांना द्या. १,४०० हून अधिक ब्रुअरी पुढे आल्या. घरी बनवणाऱ्यांनीही आपापल्या पातेल्यात तीच कृती चढवली.

महाराष्ट्रातून मित्र विचारतात, आम्हीही करून पाहू का? १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं तिथे गुन्हा आहे, घरच्यापुरतं असलं तरी. भाषेतही ही भीती उतरलेली दिसते. आपण दारू 'गाळतो', म्हणजे डोळ्यांसमोर हातभट्टी येते. बिअर गाळत नाहीत, ती आंबवतात, आंबोळी-इडलीच्या पिठासारखी. परवान्याने मात्र ती आपल्याकडेही होते. पुण्यात २००९ मध्ये 'डुलाली' ही राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. नाव नाशिकजवळच्या देवळालीचं, जहाजाची वाट पाहत तिथल्या छावणीत अडकून पडणाऱ्या गोऱ्या सोजिरांच्या तोंडी घडलेलं.

गेल्या महिन्यात इथे नव्याने आलेल्या एका मुलीला, सोलापूरच्या, कागद उतरवून दिला. शेजाऱ्याने मला दिलेल्या कागदावर शेवटचे हॉप्स ३० ग्रॅम होते. ते खोडून ४५ मी केले. त्याच्याखाली तिच्यासाठी एवढंच लिहिलं : माल्ट दळू नकोस, भरड काढ. पाणी ६७ अंश, एक तास. यीस्ट विकत आणू नकोस, माझ्याकडे बरणीत आहे.