हॅवोडचा थॉमस जोन्स

थॉमस जोन्स (१७४८–१८१६) हा वेल्समधल्या कार्डिगनशायर काउंटीतला मोठा जमीनदार, तिथला खासदार आणि लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे राजाचा प्रतिनिधी. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग, आज या भागाला केरेडिग्यन म्हणतात. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा एच आहे पण उच्चार जोन्सच, आणि वडिलांचंही नाव थॉमस जोन्सच असल्यामुळे जुनी कागदपत्रं वाचताना बऱ्यापैकी घोळ होतो, म्हणून त्याला सरळ 'हॅवोडचा जोन्स' म्हणतात. वेल्श भाषेत हॅवोड म्हणजे उन्हाळ्यात गुरं डोंगरावर चरायला नेली की राहायची जागा.

जन्म १७४८ चा, इंग्लंड-वेल्स सीमेजवळच्या लडलो गावातला. आई एलिझाबेथ ही नाईट घराण्यातली, त्यांचा लोखंडाच्या धंद्यातला पैसा मोठा होता. शिक्षण ईटनच्या नामांकित शाळेत आणि एडिंबरा विद्यापीठात झालं. म्हणजे इंग्लंडमधल्या हेरफोर्डशायर काउंटीतल्या क्रॉफ्ट कॅसलसारख्या सुपीक भागातल्या वाड्यात त्याला आयुष्यभर आरामात राहता आलं असतं. १७८० मध्ये वडील गेले, इस्टेट हातात आली, आणि त्याने क्रॉफ्ट विकून टाकला. इस्टविथ नदीच्या खोऱ्यात, डेव्हिल्स ब्रिजजवळ, घराण्याची हॅवोडची जमीन होती, पावसाळी, उघडीबोडकी आणि रस्ता धड नसलेली, शेजारच्या कुमइस्टविथमध्ये शिशाच्या खाणी. तो तिथे जाऊन राहिला. बाथचा आर्किटेक्ट थॉमस बाल्डविन याच्याकडून १७८६ पासून गॉथिक पद्धतीचं नवं घर बांधून घेतलं, पुढे आर्किटेक्ट जॉन नॅशने त्याला अष्टकोनी लायब्ररी जोडली.

आता राजकारण. त्या काळी वेल्सच्या प्रत्येक काउंटीतून पार्लमेंटमध्ये एकच खासदार जायचा आणि काउंटीत मत कोणाला, तर ज्याच्याकडे वर्षाला किमान ४० शिलिंग, म्हणजे २ पौंड, उत्पन्नाची स्वतःची जमीन आहे त्याला. मतदान उघड, सगळ्यांसमोर, गुप्त मतदान तिकडे १८७२ मध्ये आलं. त्यामुळे खासदारकी म्हणजे मोठ्या जमीनदार घराण्यांचा आपापसातला मामला असायचा. जोन्स १७७५ ला कार्डिगन शहरगटातून (काही शहरांच्या मिळून एका मतदारसंघातून) निवडून आला, मग १७८० मध्ये वडिलांच्या जागी वेल्समधल्याच रॅडनॉरशायर काउंटीतून आणि १७९६ पासून मरेपर्यंत कार्डिगनशायरमधून, म्हणजे एकूण चाळीसेक वर्षं पार्लमेंटमध्ये. १८०० मध्ये तो काउंटीचा लॉर्ड लेफ्टनंटही झाला. पदं घराण्यामुळे आणि जमिनीमुळे मिळाली हे खरंच आहे, पण त्या जमिनीवर त्याने जे केलं ते त्याच्या बरोबरीच्या जमीनदारांत फार थोड्यांनी केलं, आणि माझ्या मते त्याचं खरं काम तेच.

पहिलं म्हणजे झाडं. ऑक्टोबर १७९५ ते एप्रिल १८०१ या साडेपाच वर्षांत त्याने वीस लाखांहून जास्त झाडं लावून घेतली, त्यात निम्म्याहून जास्त लार्च, म्हणजे थंड प्रदेशातलं एक सूचिपर्णी झाड. लार्च हलक्या जमिनीत, उंचावर, थंडीवाऱ्यात पण भराभर वाढतो आणि लाकूड टिकाऊ, म्हणून ही निवड. ओकसाठी बियाही पेरल्या. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्याला वृक्षलागवडीसाठी अनेकदा सुवर्णपदक दिलं. हे सगळं यंत्राशिवाय, खडकाळ उतारांवर मजुरांनी खड्डे खणून, हे लक्षात घेतलं की आकड्याचं वजन कळतं.

दुसरं म्हणजे कुळं. १८०० मध्ये त्याने आपल्या कुळांना शेतीबद्दल सल्ला देणारं एक छोटं पुस्तक छापलं आणि त्याच वर्षी विल्यम ओवेन प्यू याच्याकडून त्याचं वेल्श भाषांतर करून घेतलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण तिथले शेतकरी वेल्श बोलायचे आणि त्यांना समजेल अशा भाषेत लिहायला हवं हे या जमीनदाराला कळलं होतं. दुग्धव्यवसाय, बटाटा, मेंढ्यांच्या नव्या जाती असे प्रयोग चालूच असायचे.

तिसरं पुस्तकं. १८०३ ते १८१० दरम्यान त्याने त्या डोंगरात स्वतःचा छापखाना चालवला, हॅवोड प्रेस, आणि मध्ययुगीन फ्रेंच इतिहासकार फ्र्वासारच्या बखरीचं स्वतः केलेलं इंग्रजी भाषांतर तिथे छापलं. पण १३ मार्च १८०७ ला घराला आग लागली. लायब्ररी, त्यातली मौल्यवान वेल्श हस्तलिखितं सगळी गेली, नुकसान तेव्हाच्या अंदाजाने सुमारे ७० हजार पौंड. विम्याने त्यातलं सगळं भरून निघालं नाही तरी त्याने घर पुन्हा उभं केलं. हस्तलिखितं मात्र परत मिळणारी नव्हती.

त्याहून मोठा घाव १८११ चा. एकुलती एक मुलगी मारियाम्नी तिशी गाठायच्या आत गेली. तिला वनस्पतींची आवड होती, तिच्यासाठी इस्टेटीवर वेगळी बाग केलेली होती. त्यानंतर जोन्स हॅवोडमध्ये फारसा रमला नाही, पैशाची ओढाताणही वाढली होती. २३ एप्रिल १८१६ ला डेव्हनमधल्या डॉलिश इथे तो वारला, दफन हॅवोडच्या चर्चमध्ये झालं.

वारस उरला नव्हता. इस्टेट पुढे ड्यूक ऑफ न्यूकॅसलने घेतली, मग मालक बदलत गेले, आणि १९५८ मध्ये मोडकळीला आलेलं ते घर सुरुंग लावून पाडलं. मुलीच्या स्मरणार्थ शिल्पकार चँट्रीने केलेलं संगमरवरी स्मारक चर्चमध्ये होतं, १९३२ च्या आगीत तेही फुटलं, तुकडे अजून तिथेच ठेवलेत. जोन्सने आखलेल्या नदीकाठच्या आणि धबधब्यांकडे जाणाऱ्या पायवाटा मात्र १९९० च्या दशकापासून दुरुस्त होत आल्या, त्यांवरून आज कोणीही चालू शकतं.