कॅलिफोर्नियात मेलेला कावळा किंवा आजारी घोडा दिसला तर: वेस्ट नाइल तपासणीसाठी नोंद कशी करावी

उन्हाळ्यात सनीव्हेल, फ्रीमाँट, अर्व्हाइन अशा भागांत फूटपाथवर किंवा बॅकयार्डमध्ये मेलेला कावळा दिसला, तर तो कचऱ्यात टाकण्याआधी त्याची नोंद करा. नोंद फुकट आहे, पाच-दहा मिनिटांत होते, आणि डासांपासून पसरणाऱ्या वेस्ट नाइल विषाणूचा माग काढणाऱ्या सरकारी यंत्रणेला तिचा खरोखर उपयोग होतो.

हा विषाणू पक्षी आणि क्यूलेक्स डास यांच्यात फिरत राहतो. माणसाला आणि घोड्याला त्याची लागण डास चावल्यावर होते, पण त्यांच्या रक्तात विषाणूचं प्रमाण इतकं कमी असतं की त्यांच्यापासून पुढे डासांना लागण होत नाही. अमेरिकन कावळा मात्र या आजारापुढे फार लवकर हार मानतो. १९९९ मध्ये न्यू यॉर्कला साथ आली, तेव्हा माणसांच्या आजाराचं निदान व्हायच्या आधीपासूनच तिथे कावळे मरत होते. कॅलिफोर्नियात विषाणू २००३ मध्ये सापडला आणि २००४ संपेपर्यंत राज्याच्या सगळ्या ५८ काउंट्यांमध्ये (जिल्ह्यांमध्ये) पोहोचला होता. आपल्यालाही तो अगदी परका नाही. मुंबईतल्या लोकांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) १९५२ मध्येच आढळली होती.

पक्ष्याची नोंद कोण करू शकतं?

कोणीही. घर स्वतःचं असो वा भाड्याचं, पक्षी तुमच्या अंगणात असो वा बागेत, काहीही चालतं. ओळखपत्र, व्हिसाचे कागद, घराची कागदपत्रं यांतलं काही लागत नाही. भारतातून काही महिन्यांसाठी आलेल्या आईबाबांना सकाळी फिरताना पक्षी दिसला, तर तेही कळवू शकतात.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या वेस्ट नाइल संकेतस्थळावर (वेस्टनाइल डॉट सीए डॉट गव्ह) मेलेल्या पक्ष्यांसाठी फॉर्म आहे. फोन करायचा असेल तर क्रमांक ८७७-९६८-२४७३. पक्षी नेमका कुठे आहे (पत्ता किंवा जवळचा चौक), कधी दिसला, कोणत्या जातीचा वाटतो, कोणत्या अवस्थेत आहे आणि तुमच्याशी संपर्क कसा करायचा, एवढी माहिती तयार ठेवा. जात ओळखता येत नसेल तर दुरून फोटो काढून ठेवा. ‘काळा, कावळ्याएवढा’ असं वर्णनही कामाचं असतं.

प्रत्येक पक्ष्याची तपासणी होत नाही. मरून २४ तासांपेक्षा कमी वेळ झालेला हवा. अळ्या पडलेल्या, डोळे खोल गेलेल्या किंवा वाळलेल्या पक्ष्यातून भरवशाचा निकाल मिळत नाही. गाडीखाली चिरडलेला किंवा मांजराने फाडलेला पक्षीही सहसा घेत नाहीत. कावळा, ‘जे’ (jay), मॅगपाय (magpie) या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्यांना प्राधान्य असतं. इथेच बरेच जण नाउमेद होतात: ‘तपासणार नाहीत तर कळवून काय उपयोग?’ उपयोग आहे. तपासणी न झालेल्या पक्ष्याचं ठिकाणही नकाशावर जातं. एकाच भागातून थोड्या दिवसांत बऱ्याच नोंदी आल्या, तर तिथे विषाणू सक्रिय असण्याची शक्यता वाढते, आणि डास पकडण्याचे सापळे कुठे लावायचे, फवारणी कुठे करायची हे ठरवताना ती माहिती हाताशी असते. म्हणून शिळा पक्षीसुद्धा कळवाच.

पक्षी तपासणीयोग्य असेल तर काउंटीच्या डास नियंत्रण विभागाचा माणूस तो घ्यायला येतो. तोवर त्याला उघड्या हाताने शिवू नका, मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा. ‘घेणार नाही’ असं सांगितलं, तर हातमोजे घालून किंवा पिशवी उलटी करून पक्षी उचला, दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाका आणि हात साबणाने धुवा. तळ्याकाठी बदकं किंवा हंस एकदम बऱ्याच संख्येने मेलेले दिसले, तर कारण बर्ड फ्लूही असू शकतं. ती नोंद मासे व वन्यजीव विभागाकडे करायची, त्यांचा फॉर्म वेगळा आहे.

पितृपक्ष साधारण सप्टेंबरात येतो आणि इथे आजाराचा जोरही जुलै ते सप्टेंबर असतो. पान ठेवून कावळ्याची वाट बघणाऱ्यांचं लक्ष तेव्हा आपसूकच कावळ्यांकडे असतं. त्या दिवसांत सुस्त किंवा मेलेला कावळा दिसला तर हे जरूर आठवा.

घोडा आजारी असेल तर

इथे सामान्य माणूस थेट नमुना पाठवत नाही, सगळं पशुवैद्यामार्फत होतं. मागचे पाय लटपटणं, तोंडाभोवतीचे स्नायू थरथरणं, अडखळणं, बसल्यावर उठता न येणं, अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. लक्षणं दिसू लागलेल्या घोड्यांपैकी जवळपास एक तृतीयांश दगावतात. रेबीज आणि घोड्यांमधला नागीण विषाणूही असाच दिसू शकतो. त्यामुळे निदान होईपर्यंत घोडा वेगळा ठेवा आणि त्याच्या लाळेला हात लावू नका.

रक्ताचा, कधी पाठीच्या कण्यातल्या द्रवाचा नमुना डॉक्टर कॅलिफोर्निया विद्यापीठ, डेव्हिसतर्फे चालणाऱ्या पशुआरोग्य प्रयोगशाळेकडे पाठवतात. घोडा दगावला तर मेंदूची तपासणी होते. सोबतच्या अर्जासाठी मालकाचं नाव, तबेल्याचा पत्ता, घोड्याचं वय आणि जात, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, अलीकडचा प्रवास ही माहिती द्यावी लागते.

सगळ्यात महत्त्वाचा कागद लसीकरणाचा. लस घेतलेल्या घोड्याच्या रक्तातही प्रतिपिंडं असतातच. त्यामुळे ताजी लागण ओळखायला आयजीएम प्रकारची, म्हणजे लागणीनंतर सुरुवातीला तयार होणारी प्रतिपिंडं शोधतात, आणि लसीच्या तारखा हाताशी नसतील तर निकालाचा अर्थ लावणं अवघड होतं. म्हणून लसीची नोंदवही तबेल्यातच ठेवा. आयत्या वेळी मालक परगावी असतो आणि कागद त्याच्या घरी, असं होऊ देऊ नका. अहवाल पॉझिटिव्ह आला तर राज्याच्या अन्न व कृषी विभागाला कळवण्याचं काम डॉक्टर आणि प्रयोगशाळा करतात. तपासणीचा खर्च कोणाकडे, हे नमुना पाठवण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

घोड्यांसाठी लस आहे: सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी डासांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी बूस्टर. माणसांसाठी अजून लस नाही. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, पण साधारण दीडशेत एकाचा आजार मेंदू किंवा मज्जासंस्थेपर्यंत जातो आणि साठीच्या पुढे हा धोका वाढतो.

शेजारचा पोहण्याचा तलाव हिरवा पडून त्यात डास होत असतील, तर काउंटीच्या याच डास नियंत्रण विभागाला कळवता येतं. बऱ्याच काउंट्या घरच्या हौदासाठी आणि शोभेच्या तळ्यासाठी डासांच्या अळ्या खाणारे गॅम्बुसिया (मॉस्किटोफिश) मासेही फुकट देतात.