सॉफ्टवेअर प्रलेखन

संगणकाच्या आज्ञावलीचा हेतू, रचना, वापर व मर्यादा यांचे लेखी विवरण. व्यवहारात त्यास ‘डॉक्युमेंटेशन’ म्हणतात. वापरपुस्तिका व कोडमधील टिप्पण्या हे त्याचे परिचित प्रकार होत.

प्रलेखनाचा आरंभ कोठून धरावा, हे व्याख्येवर अवलंबून आहे. गणितज्ञ एडा लव्हलेस यांच्या १८४३ मधील टिपांपर्यंत तो मागे नेता येतो. मात्र त्या टिपा ज्या यंत्राविषयी होत्या, ते चार्ल्स बॅबेज यांचे वैश्लेषिक यंत्र (आज्ञावलीवर चालणाऱ्या यांत्रिक संगणकाची योजना) कधी पूर्ण झालेच नाही. त्यामुळे केंब्रिज येथील एडसॅक (१९४९) या संगणकाच्या उपआज्ञावलींचा (पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या छोट्या आज्ञावलींचा) संग्रह हा आरंभबिंदू अधिक ग्राह्य वाटतो. विल्क्स, व्हीलर व गिल यांनी १९५१ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. उपआज्ञावली किती स्मृतिस्थाने व्यापते, तिला किती वेळ लागतो, अशा नोंदी त्यात आहेत. म्हणजे आतील कोड न वाचताही ती वापरता यावी. असे वर्णन लिहिणे हेच कदाचित सर्वांत अवघड काम ठरते, असे व्हीलर यांनी १९५२ मध्ये म्हटले होते. युनिक्स या परिचालन प्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) पहिल्या पुस्तिकेत (३ नोव्हेंबर १९७१) ज्ञात दोषांसाठीही स्वतंत्र मथळा होता. हा प्रामाणिकपणा इतर सॉफ्टवेअरच्या पुस्तिकांत क्वचितच आढळतो.

प्रलेखनाच्या मूल्याविषयी दोन मते आहेत. संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर (१९८५) यांच्या मते आज्ञावलीमागील ‘सिद्धान्त’ (तिच्या रचनेची समग्र समज) ती रचणाऱ्यांच्या मनात असतो व कागदपत्रांतून तो पुन्हा उभा करता येत नाही. त्यांनी एका संकलकाचे (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरचे) उदाहरण दिले आहे : तो वाढविणाऱ्या दुसऱ्या गटाकडे संपूर्ण प्रलेखन असूनही त्याने सुचविलेले विस्तार मूळ रचनेची ताकद वाया घालविणारे होते. याउलट पार्नास व क्लेमेंट्स (१९८६) यांच्या मते प्रत्यक्ष काम कितीही वेडेवाकडे झाले, तरी ते क्रमवार झाल्यासारखे लिहावे आणि नाकारलेले पर्याय कारणांसह नोंदवावेत. नाउर यांचे निरीक्षण खोडून काढणे कठीण आहे. तथापि मूळ रचनाकार उपलब्ध नसतील, तेव्हा दुसरे मत अधिक उपयोगी पडते. कोड काय करतो, हे कोडवरून कळते. एखादा सोपा मार्ग का टाळला, हे कळत नाही.

कोड व विवरण एकत्र लिहिण्याची डोनाल्ड कनूथ यांची पद्धत (१९८४) मर्यादित राहिली. टिप्पण्यांतून संदर्भपुस्तिका तयार करणारी जावाडॉकसारखी साधने मात्र रुळली. सॉफ्टवेअर लवचिकपणे, टप्प्याटप्प्याने विकसित करण्याचा पुरस्कार करणाऱ्या २००१ च्या अजाइल जाहीरनाम्यात सविस्तर प्रलेखनापेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला अधिक महत्त्व दिले आहे. त्यावरून प्रलेखन अनावश्यक ठरविण्याचा प्रघात दिसतो, पण प्रलेखनासही मूल्य असल्याचे त्याच जाहीरनाम्यात नमूद आहे.