घरच्या संगणकाचे मोबाईलवरून बिनतारी नियंत्रण

मोबाईल, टॅब किंवा तळहातावर मावणारे एखादे उपकरण वापरून घरातला संगणक तारेशिवाय चालवणे. संगणकाचा पडदा पाहणे, बाण हलवणे, मजकूर लिहिणे, फायली उघडणे, संगणक झोपवणे आणि उठवणे हे सगळे त्यात येते. अंतर दोन खोल्यांचे असेल किंवा दोन खंडांचे. गोव्याला दोन्हींची गरज पडते. डिचोली-सत्तरीकडच्या चिरेबंदी घरात ओसरीवर बसून आतल्या खोलीतला संगणक चालवायचा असतो, आणि बोटीवर किंवा आखातात नोकरीला असलेल्याला फोंड्याच्या घरातली फाईल हवी असते. मोबाईलवर अ‍ॅप घालणे हा यातला सर्वांत सोपा भाग. खरी तयारी घरी करावी लागते: संगणक जागा हवा, त्याला वीज हवी आणि बाहेरून त्याचा पत्ता सापडायला हवा.

इतिहास : रेडिओलहरींनी दुरून यंत्र हलवता येते, हे निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छोटी बोट चालवून दाखवले. हातातल्या संगणकांची गोष्ट मात्र १९९०च्या दशकातली. १९९६ मध्ये पाम पायलट हा तळहातावर मावणारा संगणक बाजारात आला. त्यानंतर लवकरच अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘पेबल्स’ प्रकल्पात पाम उपकरणाला मोठ्या संगणकाचा माऊस आणि कळफलक बनवले गेले. सुरुवातीला ती जोडणी तारेचीच होती. त्या काळची अवरक्त किरणांची जोडणी साधारण मीटरभर अंतरात आणि समोरासमोरच चाले. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत पेनाने चालणारा ‘व्हिडिओटाईल’ नावाचा एक पडदा तयार झाला होता. त्यासाठी जी संवादपद्धती बेतली गेली, तिच्यातूनच दुसऱ्या संगणकाचा पडदा दुरून दाखवणारी, १९९८ मध्ये सर्वांना खुली झालेली व्हीएनसी प्रणाली आली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीच्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत आरडीपी ही दुरून संगणक चालवण्याची आपली पद्धत आणली आणि २००१ मध्ये एक्सपी प्रोफेशनलमधून ती घरगुती टेबलापर्यंत पोचली. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत आजही बाहेरून आरडीपीने शिरता येत नाही. बऱ्याच जणांची पहिली अडचण हीच असते, आणि दोष मात्र ते वाय-फायला देत राहतात.

कार्यपद्धती : साध्या १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्याचे एक चित्र जसेच्या तसे पाठवायचे तर सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला ३० चित्रे धरली तर घरगुती जोडणी त्यापुढे टिकणारच नाही. म्हणून घरचा संगणक पडद्याचा बदललेला तुकडाच, तोही दाबून लहान करून, पाठवतो. उलट दिशेने मोबाईलकडून जाते ते अगदी थोडे: बोट कुठे टेकले आणि कोणती कळ दाबली, एवढेच. त्यामुळे जोडणी मंद झाली की आधी चित्र अडखळते. दाबलेली कळ पोचलेली असते, तिचा परिणाम तेवढा दिसत नाही. अशा वेळी तेच बटण पुन्हापुन्हा दाबू नये. ते सगळे दाबणे रांगेत उभे राहते आणि मग एकदम अंगावर येते.

मराठी मजकूर आणि जुने टंक : मराठीत काम करणाऱ्याला या तंत्राचा जो उपयोग आहे, त्याची चर्चा फार कमी होते. देवस्थानांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, भजनी मंडळांची पदे, नाटकांच्या संहिता असा गोव्यातला पुष्कळ मजकूर वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या टंकांत (फॉन्टमध्ये) जुळवला गेला. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या टंकांत ‘क’ किंवा काना ही चिन्हे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. अशी फाईल मोबाईलवर उघडली तर निरर्थक रोमन चिन्हांचा ढीग दिसतो. घरचा संगणक दुरून उघडला तर मात्र तिकडून पडद्याचे चित्र येते, अक्षरांचे संकेत येत नाहीत. टंक घरच्या यंत्रात आहे, मोबाईलमध्ये तो नसला तरी काही बिघडत नाही. वीस वर्षांपूर्वीची स्मरणिका पेडण्याच्या बाजारात उभ्या उभ्या स्वच्छ वाचता येते. केवळ एवढ्यासाठीही हे तंत्र शिकून घ्यावे, असे मराठी मुद्रणाशी ज्याचा संबंध आहे त्याला सांगावेसे वाटते.

लिहिताना गाडी उलट अडते. व्हीएनसीची मूळ पद्धत मार्च २०११ मध्ये आरएफसी ६१४३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदली गेली. तिच्यात एका यंत्रावर कॉपी केलेला मजकूर दुसऱ्यावर चिकटवण्याची सोय आहे, पण ती ‘लॅटिन-१’ या पश्चिम युरोपीय अक्षरसंचापुरतीच. देवनागरी मजकूर त्या वाटेने गेला की प्रश्नचिन्हे उमटतात किंवा काहीच उमटत नाही. पुढे आलेल्या विस्तारांनी ही उणीव भरून काढली, पण दोन्ही टोकांच्या प्रणालींना तो विस्तार माहीत असावा लागतो. आरडीपीत युनिकोड मजकूर नीट जातो. व्हीएनसीच वापरायचे असेल तर मोबाईलचा कळफलक इंग्रजीवर ठेवावा आणि घरच्या संगणकावर इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कळरचना निवडावी. मग मोबाईलवर दाबलेली ‘के’ तिथे ‘क’ होऊन उमटते, ‘जे’चा ‘र’ होतो. इन्स्क्रिप्टचा हात असलेल्यांना हे लगेच जमते. बाकीच्यांना थोडी सवय करावी लागते.

घराच्या भिंती : गोव्याची जुनी घरे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. त्यांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या असतात, आणि जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची सहाच्या आसपास. दुसरी वेगवान असली तरी जाड भिंतीपुढे लवकर दमते. अशा घरात राऊटर दर्शनी खोलीच्या कोपऱ्यात न ठेवता चौकाजवळ ठेवावा. चौक उघडा असल्याने लहरींना तिथून वाट मिळते. याहून महत्त्वाचे म्हणजे संगणक राऊटरला तारेनेच जोडावा. मोबाईल बिनतारी आहे तेवढे पुरे. दोन्ही टोके हवेवर सोडली की एकाच वाहिनीवर दोघांची ये-जा होते आणि वेग निम्म्यावर येतो. ब्लूटूथची मजल घरगुती उपकरणांत साधारण १० मीटर. गाणी बदलण्यापुरती ती ठीक आहे.

जत्रेतला रंगमंच : देवळाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकांना आता पार्श्वसंगीत लॅपटॉपवरून देता येते. लॅपटॉप विंगेत ध्वनियंत्रणेजवळ आणि तो चालवणारा प्रेक्षकांत, म्हणजे जिथून आवाज खरा कसा पोचतो ते ऐकू येते तिथे, अशी मांडणी मोबाईलमुळे शक्य होते. त्याला इंटरनेट लागत नाही. लॅपटॉपनेच स्वतःचे वाय-फाय सुरू करावे, मोबाईल त्याला जोडावा आणि मोबाईलचा विमान मोड लावून फक्त वाय-फाय चालू ठेवावे. म्हणजे ऐन प्रवेशात फोन वाजत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच असतात आणि गर्दीतल्या शेकडो मोबाईलांनी त्या भरून जातात. मांडव उघडा असतो, मध्ये चिऱ्याची भिंत नसते, म्हणून इथे ५ गिगाहर्ट्झच बरे.

घराबाहेरून प्रवेश : घरातल्या संगणकाचा १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता घरापुरताच चालतो. पूर्वी राऊटरमध्ये एक दार उघडून बाहेरची हाक आत वळवता येई. आता बरेच सेवादाते अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. राऊटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल, तर हे आपल्याही बाबतीत घडले आहे असे समजावे. २०१२ मध्ये तो पट्टा त्यासाठीच राखून ठेवला गेला. मग मध्यस्थ लागतो. २००५ चे टीमव्ह्यूअर, २०१४ चे एनीडेस्क किंवा गूगलचे क्रोम रिमोट डेस्कटॉप यांत घरचा संगणक स्वतःच बाहेर जाऊन मध्यस्थाशी संपर्क ठेवतो आणि मोबाईल त्याच्यामार्फत भेटतो. आरडीपीचे ३३८९ क्रमांकाचे दार सरळ इंटरनेटवर उघडे टाकणे हे परसदार सताड उघडे ठेवून गावाला जाण्यासारखे आहे. ती दारे चाचपडणारी यंत्रे रात्रंदिवस फिरत असतात.

बोटीवरच्यांची अडचण निराळी. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. दाबलेली कळ वर जाऊन खाली येते, उत्तर पुन्हा वर जाऊन खाली येते, आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. कोणतेही अ‍ॅप तो वाचवू शकत नाही. तिथे चित्र मागवण्यापेक्षा तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये फिनलंडमध्ये लिहिलेल्या एसएसएचसारख्या अक्षरी पद्धतीने आज्ञा द्यावी आणि हवी ती फाईल उचलावी.

वीज आणि झोप : जूनमध्ये वारा सुटला, माडाची झावळी तारेवर पडली की लाईट जाते. यूपीएस काही मिनिटे तग धरतो. वीज परत आली तरी संगणक आपणहून सुरू होत नाही. त्याच्या मूळ मांडणीत (बायोसमध्ये) ‘वीज आल्यावर सुरू व्हावे’ हा पर्याय आधीच निवडून ठेवावा लागतो. झोपलेल्या संगणकाला तारेवरून १०२ बाइटांची एक हाक देऊन उठवता येते. सहा ठरावीक बाइट आणि मग त्या यंत्राचा सहा बाइटांचा हार्डवेअर पत्ता सोळा वेळा, अशी तिची रचना. ही हाक सहसा राऊटर ओलांडत नाही. म्हणून बाहेरून उठवायचे तर घरात रास्पबेरी पायसारखे, नाममात्र वीज खाणारे एक यंत्र सतत जागे लागते.

सुरक्षा : बँकेचा माणूस असल्याचे भासवून असे अ‍ॅप घालायला लावायचे आणि खाते रिकामे करायचे, ही फसवणूक इतकी वाढली की रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये बँकांना सावध केले. स्वतः फोन करून जोडणीचा क्रमांक मागणाऱ्याला तो कधीही सांगू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिक हेतूने विनापरवानगी शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

घरातल्यांना कल्पना देणेही याच तयारीचा भाग. आरडीपीने आत शिरले की घरचा पडदा कुलूपबंद होतो, पण व्हीएनसीत तो उघडाच राहतो आणि कोणी नसताना बाण आपोआप फिरताना दिसतो. ठाऊक नसलेले माणूस घाबरून मुख्य बटण बंद करते. गडगडाट सुरू झाला आणि आईने सवयीप्रमाणे राऊटरची पिन काढली, तर तिचेच बरोबर असते. त्या दिवशीचे काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.