डीकन व्हाइट: पणतवापर्यंत लांबलेला सन्मान आणि त्यामागचा काळ

२८ जुलै २०१३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन येथे बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (थोरांच्या गौरवदालनात) तिघांचा समावेश झाला; त्यांपैकी एकही हयात नव्हता. खेळाडू म्हणून निवडले गेलेले एकमेव नाव जेम्स ऊर्फ ‘डीकन’ व्हाइट यांचे होते. ते १९३९ मध्येच वारले असल्याने त्यांच्या वतीने पणतवाने भाषण केले. हा सन्मान इतका लांबला, याचे एक कारण असे की त्यांच्या काळातील खेळ आजच्या मोजमापांत सहज बसत नाही.

पगारी खेळाडूंचा संघ उघडपणे उभा करण्याचा मान १८६९ च्या सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जकडे जातो. दोनच वर्षांनी नॅशनल असोसिएशन ही पहिली व्यावसायिक साखळी सुरू झाली. तिच्या ४ मे १८७१ च्या पहिल्या सामन्यात, फोर्ट वेन येथे, क्लीव्हलँडकडून पहिल्या फलंदाजाच्या जागी उतरलेल्या व्हाइट यांनी थेट दुसरा बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा दुसरा थांबा, गाठणारा फटका मारला. मात्र पुढच्या फलंदाजाचा झेल घेतला गेला तेव्हा बेस सोडून पुढे सरकलेले व्हाइटही वेळेत परत न पोहोचल्याने बाद झाले.

कारकिर्दीच्या पहिल्या भागात ते मुख्यतः कॅचर होते. ही जागा क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखी. पण त्या काळी कॅचर उघड्या हातांनीच चेंडू झेलत. पिचर, म्हणजे गोलंदाज, ४५ फुटांवरून, हात कमरेखाली ठेवून चेंडू टाकी, आणि तो उंच हवा की खाली, हे फलंदाज सांगू शके. अशा नियमांत १८७७ साली व्हाइट यांनी बोस्टनकडून खेळताना .३८७ च्या सरासरीने (दर हजार प्रयत्नांत ३८७ यशस्वी फटके) नॅशनल लीग या असोसिएशननंतरच्या व्यावसायिक साखळीच्या फलंदाजीत अव्वल क्रमांक मिळवला. दारू-तंबाखूला न शिवणारा हा धार्मिक गृहस्थ त्या बेबंद दिवसांत उठून दिसे.

माझ्या मते त्यांचे खरे महत्त्व मैदानाबाहेरच्या भांडणात आहे. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू राखीव ठरवले आणि पुढे हे बंधन वाढतच गेले; मालकाने सोडल्याशिवाय राखीव खेळाडूला दुसऱ्या संघाशी करार करता येईना. १८८८ चा हंगाम संपल्यावर डेट्रॉइटचा संघ मोडला आणि व्हाइट व त्यांचे संघसहकारी जॅक रो यांना पिट्सबर्गला विकण्यात आले. या दोघांनी तोवर बफेलोच्या संघात स्वतःचे पैसे गुंतवले होते आणि त्यांना तिथेच खेळायचे होते. माझे धूड कोणी विकणार असेल तर निम्मे पैसे मला मिळालेच पाहिजेत, असे व्हाइट यांनी सुनावले. अखेर १८८९ च्या हंगामाच्या मध्यावर दोघांना पिट्सबर्गकडून खेळावेच लागले. पुढच्या वर्षी खेळाडूंच्या संघटनेने स्वतःची प्लेअर्स लीग काढली, तेव्हा हे दोघे तिच्यातल्या बफेलोच्या संघाकडून उतरले. त्यांचा संघ तळाला राहिला आणि ती लीग एकाच हंगामात बंद पडली. राखीव खेळाडूंची अट मात्र १९७५ च्या डिसेंबरातील लवादाच्या निकालापर्यंत टिकली.